छटाकचं वजन

वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या माणसाला लोक काय म्हणणार? काटेवाले. दुकानाच्या पाटीवर त्यांचं खरं नाव होतं म्हणे, पण पाटी रंगवून चाळीस वर्षं झाली होती आणि ते नाव वाचायची वेळ कुणावर आली नव्हती. खाली कारखाना, वर दोन खोल्यांचं घर, आणि दोन्हींच्या मध्ये अकरा पायऱ्यांचा लाकडी जिना. माणूस नाकासमोर चालणारा. भूतखेत, शकुन-अपशकुन, कुणाची दृष्ट लागणं, यातलं काही त्यांच्यापुढे काढलं की ते शांतपणे विचारत, "बरं, किती भरलं ते?" जे काट्यावर भरत नाही ते नाही, असा त्यांचा साधा हिशेब.

त्यांची कामाची एक पद्धत होती, ती आधी सांगायला हवी. बाहेर कुठे काटा तपासायला जायचं तर पितळी वजनांची जड पेटी उचलून न्यावी लागते. काटेवाले ती क्वचितच नेत. चपला काढत, पिशवी बाजूला ठेवत आणि स्वतःच काट्यावर उभे राहत. बहात्तर किलो तीनशे ग्रॅम. तीस वर्षांत त्यात शंभर ग्रॅमचा फरक पडला नव्हता. जेवण मोजून, झोप मोजून. काट्याने बहात्तर-तीनशे दाखवलं तर काटा बरोबर, नाही दाखवलं तर काटा चूक. गिऱ्हाईकं त्यांना चालतंबोलतं वजन म्हणत, आणि त्यांना ते आवडत असे.

असा हा माणूस कुत्र्यापायी वेडा झाला होता, हे कुणाला सांगून पटलं नसतं.

तेरा वर्षांपूर्वी दुरुस्तीला आलेल्या एका खोक्यात, भुशामध्ये, काट्याच्या परातीतच ते पिल्लू सापडलं. डोळेसुद्धा धड उघडले नव्हते. काटेवाल्यांच्या बायकोने ते तळहातावर घेतलं आणि म्हणाली, अहो, हे तर छटाकभरच आहे. झालं, नाव पडलं. पुढे तो छटाक अठरा किलो चारशे ग्रॅमचा दांडगा गडी झाला तरी नाव बदललं नाही. त्याची जागा ठरलेली होती. कारखान्याच्या मधोमध 'थोरला' होता, लोखंडी चौथऱ्याचा, छातीइतक्या उंचीवर गोल तबकडी असलेला जुना काटा. तो विकायचा नव्हता. त्याच्या थंड पत्र्यावर छटाक दिवसभर पसरलेला असे, आणि वर तबकडीवरचा काटा अठरा-चारशेवर, त्याच्या श्वासाबरोबर केसभर खाली-वर होत राही. दोन आखूड श्वास आणि एक लांब. काम करता करता काटेवाले मान वर करून तिकडे पाहत. घड्याळाकडे पाहावं तसं.

मग छटाकची मूत्रपिंडं गेली. वजन उतरत उतरत अकरावर आलं. जनावरांच्या डॉक्टरने मान हलवली आणि म्हणाला, आता त्याचे हाल करू नका.

त्या दिवशी काटेवाल्यांनी त्याला उचलून दवाखान्यात नेलं, टेबलावर ठेवलं, आणि डॉक्टरने सुई भरायला घेतली तसे ते खोलीबाहेर निघून गेले. सरळ सांगायचं तर पळाले. पॅसेजमध्ये भिंतीवर लसीकरणाचा तक्ता होता, तो त्यांनी वरून खालपर्यंत तीनदा वाचला. आत बायको होती. छटाकचं डोकं तिच्या हातांत होतं, आणि शेवटी तो दाराकडे बघत होता, एवढं तिने नंतर सांगितलं. आणखी काही सांगितलं नाही, रडलीही नाही. घरी आल्यावर तिने त्याचं भांडं घासलं, पुसलं आणि फळीवर पालथं घातलं. काटेवाल्यांना ते फार लागलं. इतक्या लवकर भांडं पालथं घालणारी बाई असते तरी कशी, असं त्यांच्या मनात आलं, आणि मनात आलेलं तिथेच राहिलं. दोघं एकमेकांशी कामापुरतं बोलू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरल्याने रिकाम्या चौथऱ्यावर दोनशे ग्रॅम दाखवले.

यात विशेष काही नव्हतं. जुना काटा, हवेत गारठा, स्प्रिंग आखडते. तबकडीच्या मागे शून्य जुळवायचा स्क्रू असतो, तो काटेवाल्यांनी किंचित फिरवला आणि काटा शून्यावर आणला. तिसऱ्या दिवशी पुन्हा दोनशे. पुन्हा स्क्रू. चौथ्या दिवशी तीनशे. दांडी ज्यांच्या धारेवर तोलली जाते त्या आतल्या सुऱ्या त्यांनी काढून पुसल्या, तेल दिलं, चौथऱ्याखालचा कचरा झाडला. पाचव्या दिवशी पुन्हा दोनशे. रोज उठायचं, खाली यायचं, काटा शून्यावर आणायचा. हाताला सवय झाली. डोकं दुसरीकडेच होतं म्हणा. पायाखाली काही येऊ नये म्हणून ते अजून जपून पाऊल टाकत होते, आणि मग आठवे की आता जपायचं कारण नाही.

चौथ्या आठवड्यात गोदामवाल्याचा फोन आला. चाळीस वर्षांत पहिली तक्रार. काका, तुम्ही परवा काटा जुळवून गेलात तेव्हापासून तो तीन किलो जास्त दाखवतोय, असं तो अगदी संकोचून म्हणाला. पेटी उचलून काटेवाले धावत गेले, पितळी वजनं ठेवून पाहिली. काटा खरंच तीन किलोंनी पुढे होता. त्या काट्यात आधी काहीही बिघाड नव्हता. त्यांनीच त्यावर उभं राहून, बहात्तर-तीनशे दिसेना म्हणून, चांगला काटा बिघडवून ठेवला होता.

घरी येऊन ते कारखान्यातल्या तीन वेगवेगळ्या काट्यांवर उभे राहिले. एकोणसत्तर किलो शंभर ग्रॅम. तिन्हींवर तेच. पट्ट्याला गेल्या काही दिवसांत त्यांनी दोन नवी भोकं पाडली होती, पण एवढं घडूनही चूक काट्याचीच असणार असं वाटणारा माणूस तो.

तीन किलो दोनशे ग्रॅम. दुःखात माणूस उतरतो, त्यात नवल नाही. पण मनात शंकेची पाल चुकचुकली, आणि ते थोरल्यापाशी गेले. स्क्रूवर मूळ जागेची लाल रंगाची खूण होती. बावीस दिवसांत ती कुठल्या कुठे गेली होती. त्यांनी स्क्रू उलटा फिरवत फिरवत लाल खुणेवर आणला आणि समोर येऊन तबकडी पाहिली.

रिकाम्या चौथऱ्यावर पाच किलो तीनशे ग्रॅम.

त्यांनी दहा किलोचं पितळी वजन ठेवलं. पंधरा-तीनशे. चारही कोपऱ्यांवर फिरवून ठेवलं. चारही वेळा पंधरा-तीनशे. काटा निर्दोष होता. वजन उचलून घेतलं तेव्हा पत्र्याला हाताचं मागचं अंग लागलं, आणि त्यांनी हात झटकन मागे घेतला. गारठ्याचे दिवस, सकाळची वेळ, कारखान्यातलं सगळं लोखंड बर्फगार. पत्र्याचा मधला भाग उबदार होता.

मग त्यांनी काट्याकडे पाहिलं. तो स्थिर नव्हता. केसभर वर, केसभर खाली. केसभर वर, केसभर खाली. मग सावकाश, लांब वर, आणि सावकाश खाली.

काटेवाले खाली फरशीवर बसले. त्यांना भीती वाटली नाही. एवढं मोठं काहीतरी समोर होतं की भीतीला आत जागाच उरली नव्हती. फक्त एक गोष्ट काळजात रुतली. बावीस दिवस तो येत होता. कुठून, कसा, देव जाणे, पण कण कण जमवून रोज येत होता, आणि रोज सकाळी हे हातात पेचकस घेऊन त्याला शून्य करत होते. ते हमसाहमशी रडले. कुत्रा गेला तेव्हा रडले नव्हते तेसुद्धा तेव्हाच रडून घेतलं.

बायको चहा घेऊन जिना उतरत होती. तिने त्यांना पाहिलं, तबकडीकडे पाहिलं, आणि कप बाकावर ठेवला.

"कळलं का तुम्हाला?" ती म्हणाली.

तिला तिसऱ्या दिवसापासून माहीत होतं. ते बाहेर कामाला गेले की दुपारी ती खाली येई आणि थोरल्याजवळ स्टूल टाकून बसे. स्क्रू कुठे आहे ते तिला कळत नव्हतं, पण श्वास ओळखता येत होता. ते कसंनुसं होऊन म्हणाले की मग बोलली का नाहीस. तिने पदराने पत्र्याची कड पुसली.

"तुम्हाला पटलं नसतं. तुम्ही सगळा काटा खोलून बसला असतात. आणि मला तो हवा होता."

नजरेने पोत्याचं वजन सांगणारे काटेवाले बायकोच्या वजनाबाबत मात्र सगळ्या शहाण्या नवऱ्यांसारखे आयुष्यभर मूग गिळून होते. त्या दिवशी त्यांनी धीर करून विचारलं, तुझं किती उतरलं. पाच-तीनशेमधून तीन-दोनशे गेले, तर दोन किलो शंभर उरतात.

"दोन-शंभरच," ती म्हणाली. "मी रोज बघते."

पालथ्या घातलेल्या भांड्यावरून त्यांनी मनात धरलेलं सगळं त्या एका आकड्याने धुऊन निघालं. त्यांनी तिचा हात धरला. कित्येक वर्षांनी, भर दिवसा, कारखान्यात.

पुढचे दिवस दोघांच्या आयुष्यातले सगळ्यात विचित्र आणि खरं सांगायचं तर सुखाचे होते. स्क्रू लाल खुणेवर, त्याला हात लावायचा नाही. दुपारी कारखान्याचं दार लोटून दोघं थोरल्याशेजारी बसत, त्याच्या खोड्या आठवत, कुणाची चप्पल त्याने कुठे नेऊन पुरली होती ते सांगून हसत. काटा चढत होता. सात. साडेआठ. दहा. आणि दोघं उतरत होती. शेजारीपाजारी विचारू लागले, काय हो, बरं नाही का? डॉक्टरने सगळ्या तपासण्या केल्या आणि हात टेकले. चाचण्यांत काही सापडत नव्हतं. ती दोघं जेवत होती, झोपत होती, जिना चढताना थोडं थांबत होती एवढंच. पुरे अठरा-चारशे झाले की काय होईल, दिसेल का तो, असं बायकोने एकदा विचारलं. त्या आकड्याची वाट दोघंही बघत होती, जिवावर उदार होऊन. म्हातारपणी आपल्याजवळ असून असून आहे काय, ते घेऊन जा म्हणावं, इतकं ते सोपं वाटत होतं.

बारा किलो झाले त्या दिवशी हिशेब बसेना.

त्यांचे स्वतःचे सात किलो गेले होते. बायकोचे चार-शंभर. अकरा किलो शंभर ग्रॅम. तबकडीवर पुरे बारा. काटेवाल्यांनी पुन्हा पितळी वजनं काढली, पुन्हा चार कोपरे तपासले. काटा बरोबर. नऊशे ग्रॅम कुठून आले? हवेतून? हवेतून येत असते तर त्या दोघांकडून कशाला घ्यावे लागले असते? दुपारपर्यंत ते डोकं धरून बसले.

मग लेकीचा फोन आला. ती दूर, दुसऱ्या गावी असे. तिची मुलगी अडीच वर्षांची. सुटीत आजोळी आली की ही नात दिवसभर छटाकच्या पोटावर डोकं ठेवून पडलेली असायची. तिला पूर्ण नाव म्हणता येत नसे, ती त्याला 'टाक' म्हणायची. तो गेल्याचं तिला कुणी नीट सांगितलं नव्हतं.

लेक आधी इकडचं तिकडचं बोलली. मग आवाज उतरला. मुलगी उतरायला लागलीय, खाते-पिते, खेळते, ताप नाही काही नाही, पण दर आठवड्याला वजन कमी भरतंय. टाक कुठे गेला म्हणून सारखी विचारते. डॉक्टर उद्या पुन्हा बघणार आहेत.

काटेवाल्यांनी तबकडीकडे पाहिलं. किती उतरली, त्यांनी विचारलं.

"नऊशे ग्रॅम, बाबा. एवढ्याशा जिवाचे नऊशे ग्रॅम म्हणजे केवढे होतात."

त्यांनी फोन ठेवला. बायकोला सांगावं लागलं नाही, तिने ऐकलं होतं. ती स्टुलावरून उठली. पदर खांद्यावर सारखा केला.

"आता तुम्ही," ती म्हणाली.

"मी?"

"तेव्हा मी धरलं होतं. आता तुम्ही."

ती जिना चढून वर गेली आणि तिने दार ओढून घेतलं.

दुपारचे तीन वाजले होते. खिडकीतून ऊन थेट पत्र्यावर येत होतं. त्यात काहीच नव्हतं. काटेवाले चौथऱ्यासमोर गुडघ्यांवर बसले. वर काटा बारावर होता आणि श्वास घेत होता.

दवाखान्यातून पळता आलं होतं. इथून पळायचं तर कुठे पळणार? आणि पळायचं नव्हतंच. त्यांनी पत्र्याच्या कडेशी, पत्र्याला लागणार नाही असा, हात ठेवला.

"छटाक," ते म्हणाले.

काट्याचा श्वास थांबला.

तो जागा झाला होता. काटेवाल्यांना हे तेवढ्याच स्पष्टपणे कळलं जेवढं समोरच्या भिंतीचं असणं कळत होतं.

"त्या दिवशी मी बाहेर पळालो. तू दाराकडे बघत होतास आणि मी दाराबाहेर होतो. मला बघवत नव्हतं रे. चुकलंच माझं."

ऊब हाताजवळ सरकली. आधी थोडी, मग अगदी बोटांपर्यंत.

"पोरीचं घेऊ नकोस. ती लहान आहे, तिला कळत नाही, ती सगळं देऊन टाकेल. तुला धरून ठेवलंय ते आम्हीच. आता सोडतो. मी इथेच आहे. या वेळी मी कुठे जात नाही. तू जा, राजा."

काटा बारावर निश्चल होता. त्यांनी तो डोळे न मिटता पाहिला.

मग तो एकदम पाचावर आला.

पुढचे दोन पाय खाली, मागचे दोन अजून पत्र्यावर. तो नेहमीच असा उतरत असे, अर्ध्यावर थांबून, मागे वळून पाहत. तेरा वर्षं, दिवसातून दहादा, काटेवाल्यांनी ते पाहिलं होतं.

पाच.

पाच.

शून्य.

पत्रा हळूहळू गार होत गेला. तो पूर्ण गार होईपर्यंत त्यांनी हात हलवला नाही.

सकाळी ते काट्यावर उभे राहिले. बहात्तर-तीनशे. एका रात्रीत सात किलो, हे कुठल्या शास्त्रात बसत नव्हतं, पण पट्टा पुन्हा जुन्या भोकात बसला. मग त्यांनी पाठ फिरवली आणि बायको उभी राहिली. "आलं परत," ती म्हणाली, आणि मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती रडली. त्यांनी तिला रडू दिलं. लाल खूण जागेवर होती, थोरला शून्यावर होता. सगळ्यांचं सगळं जिथल्या तिथे आलं होतं, आणि ज्याचं काही उरलं नव्हतं तो गेला होता. हिशेब चुकता झाला, असं काटेवाल्यांना वाटलं. छातीत दुखत होतं, पण ते साधं, माणसाचं दुखणं होतं.

दुपारी लेकीचा फोन आला. आवाजात इतका आनंद की शब्द एकमेकांत अडकत होते. वजन आलं बाबा, पुरं आलं, बारा-सहाशे, डॉक्टरसुद्धा तोंडात बोटं घालून बघत राहिले. काटेवाल्यांनी डोळे पुसले आणि बायकोकडे पाहून मान हलवली.

लेक हसत होती. म्हणाली, पण तुमच्या धंद्यातल्या लोकांचं काही खरं नाही. डॉक्टरांचा काटा पार बिघडलाय. पोरीला एकटीला बसवलं तर आधी एकतीस दाखवले. पुरे एकतीस! डॉक्टरांनी दोनदा काढून पुन्हा बसवलं, तरी एकतीसच. मग ही बाजूला वळून काहीतरी पुटपुटली, आणि काटा आपला सरळ बारा-सहाशेवर आला.

काटेवाल्यांनी एकतीसातून बारा-सहाशे वजा केले. अठरा-चारशे. मग बायकोचे पाहिले, स्वतःचे पाहिले. कुणाचं काही कमी नव्हतं. हे कुणाकडूनही घेतलेलं नव्हतं.

"नवीन काटा घ्यायला सांगू का त्यांना?" लेकीने विचारलं.

"नको," ते म्हणाले. "त्यांचा काटा बरोबर आहे."

ती आणखी काही बोलत होती. त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. फोनमध्ये मागून नातीचा आवाज येत होता. ती झोपायला निघाली होती, आणि पलंगावर कुणालातरी सरकायला सांगत होती.